दुर्बिणीचा नंबर

देवदत्त कणसे हा माणूस चांगला आहे, हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी त्याला बरंच काही बोलणार आहे, आणि बोलायला लागलो की मधे थांबून गुण सांगायची मला सवय नाही.

आम्ही दोघं एकाच वर्षी, एकाच विमानानं आयर्लंडला आलो. डंडॉकच्या इन्स्टिट्यूटमध्ये मास्टर्स करायला. एक खोली, दोन गाद्या आणि त्याच्या आईनं दिलेला तीन लिटरचा कुकर. शिट्टी झाली की शेजारच्या म्हातारबाई दार ठोठावून विचारायच्या, सगळं ठीक आहे ना. देवदत्त त्यांना वरणभात द्यायचा आणि मी दात काढत बसायचो. शिक्षण संपल्यावर मी कॉम्प्युटरच्या नोकरीत ब्लँचर्डस्टाउनला आलो, तो वैद्यकीय उपकरणांच्या एका कारखान्यात लागला. घर मात्र त्यानं माझ्यापासून दहा मिनिटांवर घेतलं. नरेश जवळ हवा म्हणून, असं त्यानं तेव्हा गिरिजाला, म्हणजे त्याच्या बायकोला, सांगितलं होतं. ते मी लक्षात ठेवलेलं आहे.

कारखान्यात त्याचं काम मोजण्याचं. पोटात घालून आतडी बघायच्या ज्या दुर्बिणी असतात, त्यांची भिंगं तो तपासतो. केसाच्या पन्नासाव्या भागाएवढा फरक असला तरी माल परत. ही सवय घरी येणारच. इथल्या मराठी मंडळाच्या होळीला त्यानं पुरणपोळीची जाडी मोजली होती आणि ती कडेला जास्त भरते, असं पोळ्या करणाऱ्या वसुधाताईंना तोंडावर सांगितलं होतं. त्या वर्षी त्याला पोळीवर तूप मिळालं नाही.

अशा माणसाला रायफलीचं वेड कसं लागलं? तर मासे पकडायच्या सामानातून. एका रविवारी गावाबाहेरच्या मैदानात लोक गाड्यांच्या डिक्क्या उघडून जुनं सामान विकत होते. तिथं एका पत्र्याच्या डब्यात, गळाच्या रिळांखाली त्याला वीतभर लांबीची एक काळी नळी सापडली. डोळ्याला लावली तर समोरच्या चर्चच्या कौलावरचं शेवाळ दिसलं. मधोमध खालून वर आलेलं एक टोक आणि दोन बाजूंना दोन आडव्या पट्ट्या. विकणाऱ्या शेतकऱ्याला ते काय आहे हे ठाऊक नव्हतं. देवदत्तलाही नव्हतं. पण भिंग त्याला कळलं. "नऱ्या, सत्तर वर्षांपूर्वीचं भिंग आहे आणि आमच्या लाइनवर आज पास होईल," असं तो मला त्या दिवशी फोनवर म्हणाला. आवाज असा, की मला वाटलं पोरगी झाली.

ती दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन रायफलीची दुर्बीण होती. लांबून नेम धरणाऱ्या निवडक सैनिकांना दिलेल्या रायफलींवर असली दुर्बीण बसवायचे. मग त्यानं वाचायला सुरुवात केली आणि आमचे कान किटवले. कारखान्यात प्रत्येक दुर्बीण एकेका रायफलीवर जुळवून बसवलेली असे. तीच दुर्बीण दुसऱ्या रायफलीवर चढवली, तर नेम चुकणार. म्हणून रायफलीचा नंबर दुर्बिणीच्या खालच्या पोलादी बैठकीवर कोरून ठेवत. युद्ध संपलं, रायफली वितळवल्या, समुद्रात फेकल्या, कुणी आठवण म्हणून घरी नेल्या. दुर्बिणी एकीकडे, रायफली दुसरीकडे. दोन्हीवर एकच नंबर असलेली अस्सल जोडी आता जगात फार थोड्या लोकांकडे आहे.

"म्हणजे तुला स्थळ शोधायचंय," मी म्हणालो.

"स्थळ नाही. ठरलेलं लग्न आहे. मुलगी कुठं गेली ते शोधायचंय."

गिरिजाला हे सगळं पसंत नव्हतं. माणसं टिपून मारायची वस्तू माझ्या दिवाणखान्यात नको, असं तिनं स्पष्ट सांगितलं आणि दुर्बीण माळ्यावर गेली. मलाही ते कधी पटलं नाही. त्या भिंगातून कुणी कुणाकडे बघितलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. देवदत्त म्हणायचा, मला भिंगाशी मतलब. मी म्हणायचो, भिंगाला डोळा लागतो, लेका. यावर आमचं वर्षातून दोनदा भांडण ठरलेलं.

आता या गोष्टीतली मुख्य गोम. जमवणाऱ्या लोकांत एक नियम आहे, आपल्या दुर्बिणीवरचा नंबर कुणाला सांगायचा नाही. का? तर एकदा नंबर कळला की कुणीही भामटा एखादी साधी रायफल घेतो, तिच्यावरचा नंबर घासून काढतो, तुमचा नंबर ठोकतो आणि 'सापडली हो तुमची जोडी' म्हणत दारात उभा राहतो. म्हणून देवदत्तनं बैठकीवरच्या नंबरावर काळी चिकटपट्टी लावली होती. फोटो काढायचा तर पट्टीसकट. गिरिजानंसुद्धा तो नंबर बघितला नव्हता. मी त्या दुर्बिणीला पडदानशीन म्हणायचो आणि तो हसायचा नाही.

ती पट्टी त्यानं एका माणसासाठी काढली. त्याचं नाव फिन्टन मॅकार्डल.

फिन्टन डंडॉकच्या पुढे, समुद्राकाठच्या एका वस्तीत राहतो. आता सत्तरीच्या पुढचा आहे. आयुष्यभर त्यानं कोरीवकाम केलं. फुटबॉल क्लबांचे कप, शाळांच्या ढाली, शवपेट्यांवरच्या पितळी पाट्या. मागच्या अंगणात शेड, शेडमध्ये स्टोव्ह, भिंतीला जुन्या दुर्बिणी आणि बंद नळीच्या रायफली. सगळ्या सरकारी परवान्यानं. देवदत्तला तो एका प्रदर्शनात भेटला आणि त्यानंतर सहा वर्षं आमचा हा गडी दर शनिवारी सकाळी गाडी घेऊन तिकडे जायचा. फिन्टनच्या दुर्बिणींतली बुरशी काढायची, भिंगं पुसायची, स्क्रू मोकळे करायचे. बदल्यात फिन्टन शिकवायचा. खरा शिक्का कसा ओळखायचा, नवं काळं आणि जुनं काळं यात फरक काय, लाकडावरचा घाम किती वर्षांचा. ईशानीच्या, म्हणजे त्याच्या मुलीच्या, दोन वाढदिवसांना शनिवार आला, तेव्हाही तो तिकडेच होता. बोलण्यातसुद्धा फिन्टन शिरला. कुणाबद्दलही सांगताना 'युअर मॅन' म्हणायला लागला, काहीही विचारलं की 'ग्रँड'. मी म्हणालो, तुला आता कुकरची शिट्टी ऐकून भीती वाटेल.

एका गुरुपौर्णिमेला शनिवार आला. देवदत्तनं शेडमध्ये जाऊन फिन्टनच्या पाया पडायला वाकून हात पुढे केला. म्हाताऱ्याला वाटलं याचा स्क्रू पडला, म्हणून तोही खाली वाकून शोधायला लागला. हे देवदत्तनंच मला सांगितलं. हसत सांगितलं, पण डोळे ओले होते. त्याच दिवशी त्यानं पिशवीतून दुर्बीण काढली, पट्टी सोलली आणि नंबर दाखवला.

"गुरूपासून काय लपवायचं?" तो मला म्हणाला.

मला राग आला, खोटं कशाला बोलू? मी त्याचा कुकरच्या काळापासूनचा मित्र. मी त्याच्यासाठी काय केलं आणि काय नाही ते इथं लिहीत नाही, पण मला नंबर माहीत नाही आणि शवपेट्या कोरणाऱ्याला माहीत आहे, हे मला लागलं. मी त्याच्यामागे लकडा लावला. तो दाद देईना.

पुढच्या हिवाळ्यात माझं अपेंडिक्स फुटलं. घाईनं ऑपरेशन झालं, दोन दिवस ताप उतरेना. देवदत्त रजा टाकून माझ्या खाटेशेजारी बसून होता. मी जरा शुद्धीवर आलो तेव्हा त्याला म्हणालो, "आता तरी सांग. मेलो तर तुझं गुपित माझ्याबरोबर जाईल." मी थट्टा करत होतो, पण घाबरलेलाही होतो. तो माझ्या कानाशी वाकला आणि म्हणाला, "अडतीस एकोणसत्तर. जगात तिघांनाच माहीत आहे. तू, मी आणि फिन्टन."

मला रडू आलं. तापात येतं तसं. घरी आल्यावर मी माझ्या फोनचा पिन ३८६९ केला. वेडेपणा म्हणा. पण दिवसातून पन्नास वेळा तो नंबर दाबताना मला बरं वाटायचं.

दोन वर्षांपूर्वीच्या वसंतात देवदत्तचा फोन आला. तो बोलूच शकत नव्हता. शेवटी गिरिजानं फोन घेतला आणि म्हणाली, "सापडली म्हणे."

फिन्टनला सापडली होती. वर उत्तरेकडे कुठल्याशा शेतघराच्या माळ्यावर, पोत्यात गुंडाळलेली. फॅक्टरीचा शिक्का तोच, साल तेच, नंबर तोच. नळी बुजवलेली, गोळी आत सरकवायचा बोल्ट वेल्ड केलेला, म्हणजे गोळी सुटायचा प्रश्नच नाही. तरी इथं असली वस्तू घरात ठेवायची तर पोलिसांचं परवानगीपत्र लागतं. देवदत्तनं अर्ज केला, भिंतीत बोल्टनं ठोकलेलं पोलादी कपाट बसवलं, गार्डा, म्हणजे इथला पोलीस, येऊन कपाट हलवून बघून गेला. गिरिजानं हो म्हणायला दोन महिने घेतले. एवढ्या वर्षांचं त्याचं तोंड बघून तिला दया आली असणार. फिन्टननं मोबदल्यात पैसे मागितले नाहीत. त्यानं देवदत्तच्या बाकी तीन दुर्बिणी मागितल्या. मूळ चामड्याच्या पेटीसकट असलेल्या, देवदत्तनं एक एक करून मिळवलेल्या. देवदत्तनं त्या त्याच्या हातात नेऊन दिल्या. म्हणाला, गुरुदक्षिणा समज.

ऑगस्टमध्ये रायफल घरी आली. त्यानं मलाच आधी बोलावलं, हे खरं. जेवणाच्या टेबलावर चादर पसरून त्यावर ती ठेवलेली. दुर्बीण वर चढवली, खटका बसला, आणि देवदत्तनं दोन्ही हात मागे घेतले. मग माझ्यासमोर त्यानं बैठकीवरची काळी पट्टी सोलली. मी वाकून आधी रायफलीच्या पोलादावरचा नंबर वाचला. मग बैठकीवरचा वाचला. दोन्हीकडे ३८६४.

"अरे देवा," मी म्हणालो, "हा तो नंबर नाही. आपला अडतीस एकोणसत्तर."

गिरिजा चहा घेऊन येत होती, ती दारातच थांबली. देवदत्त माझ्याकडे बघत नव्हता.

"नऱ्या, तुला सांगितला तो... तो बरोबर नव्हता."

"म्हणजे?"

"तू बोलतोस रे. चार लोकांत बोलतोस. मला भीती वाटली. तू तापात होतास, तुला बरं वाटावं म्हणून..."

मी चहा घेतला नाही. मी त्याला काय काय बोललो ते गिरिजाला आणि मला ठाऊक आहे. हो, मी बोलतो. पण चार वर्षांत मी तो खोटा नंबरसुद्धा कुणापुढे उच्चारला नव्हता. माझ्या बायकोला फोनचा पिन सांगितला नव्हता, त्यावरून घरात संशय ओढवून घेतला होता. खाटेवर पडलेल्या माणसाच्या कानाशी वाकून, त्याचा हात हातात धरून खोटं बोलायचं, याला काळीज लागतं. त्याला मी म्हणालो, तुझ्या फिन्टनला खरा नंबर आणि मला कचरा. तो म्हणाला, "तो या धंद्यातला आहे, त्याला नियम माहीत आहे." मी दार आपटून निघालो. दार चांगलं होतं, टिकलं.

दोन महिने मी त्याचा फोन घेतला नाही. त्यानं केलेही फार नाहीत.

ऑक्टोबरमध्ये देवदत्तचे वडील आले. बाळासाहेब कणसे, मूळ साताऱ्याकडचे. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात एकतीस वर्षं नोकरी केलेले. त्यांचं काम पोलादावर नंबर मारायचं आणि मारलेले नंबर तपासायचं. येऊन चार दिवस झाले नाहीत तोच त्यांचा मला फोन. "नरेशा, उद्या खंडेनवमी हाय. घरात हत्यार आलंय म्हणं. तू येनार का मी येऊ तुझ्याकडं?" बाळासाहेबांना नाही म्हणायची माझी टाप नाही. आमच्या पहिल्या वर्षी त्यांनी कुरिअरनं दोघांना सारखे स्वेटर पाठवले होते.

खंडेनवमीला शस्त्राची, अवजाराची पूजा करायची. खडकीच्या कारखान्यात त्या दिवशी सगळी यंत्रं पुसून, हार घालून, हळदकुंकू लावून उभी असायची, असं बाळासाहेब सांगत होते. त्यांनी आंघोळ करून धोतर नेसलं होतं. टेबलावर पाट, पाटावर रायफल. शेजारी गिरिजानं मुद्दाम तिची सुरी, देवदत्तचा मोजायचा कॅलिपर आणि ईशानीची कंपासपेटी ठेवली होती. ईशानी अकरा वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र डब्लिनच्या सुरात.

"आजोबा, आर यू पुटिंग मेकअप ऑन द गन?"

"व्हय बाळा, लगीन हाय तिचं."

देवदत्त आणि मी टेबलाच्या दोन बाजूंना उभे होतो. तो मला 'आलास?' म्हणाला, मी 'हं' म्हणालो. तेवढंच.

बाळासाहेबांनी फडक्यानं रायफल पुसली. हळद पाण्यात कालवून एक बोट दस्त्यावर लावलं, एक दुर्बिणीवर. पोलादावर एक बारीक गरुडाचा शिक्का होता आणि त्याच्या पायात तिरकं स्वस्तिक. तिथं त्यांचं बोट थांबलं. "हे आपलं न्हाई. हितं न्हाई लावायचं," म्हणून ते पुढे सरकले. मग डाव्या बाजूच्या नंबरावर त्यांनी हळद लावली, आणि सवयीनं अंगठ्यानं चोळली. हे मी बघत होतो. पूजेचा हात वेगळा असतो, कामाचा वेगळा. तो कामाचा हात होता.

त्यांनी परत चोळली. मग फडक्याची घडी करून वरवर पुसली. खळग्यांत पिवळं राहिलं. ३८६४ स्पष्ट दिसला. आणि त्याच्याखाली, अगदी फिकट, दुसऱ्याच आकड्यांच्या रेषा दिसल्या. आठच्या पोटातून गेलेली एक उभी काठी. चारच्या मागे एका शून्याची अर्धी कड.

बाळासाहेबांनी चष्मा वर केला. "देवा, ब्याटरी आण."

"बाबा, टॉर्च म्हणायचंय का?"

"तेच ते. आण."

टॉर्च आडवी धरून त्यांनी बघितलं. बोटानं चाचपलं. "ही जागा घासल्याली हाय. बघ, हितं खोलगट लागतंय. आम्ही खडू चोळायचो, हळद बी चालती. जुना नंबर घासून काढला आन त्याच्यावर ह्यो मारला. मारला न्हाई, हातानं कोरलाय. ठोकल्याला आकडा असा न्हाई दिसत. कोरनारा हुशार हाय, पर घासनारा आळशी हाय."

ईशानीनं आईचा हात धरला.

"तू मोजलं न्हाईस?" बाळासाहेबांनी विचारलं. "तुझं कामच ते हाय न्हवं?"

देवदत्तचा कॅलिपर तिथंच पाटावर होता, हळद लावलेला. तो त्याकडे बघत म्हणाला, "बाबा, गुरूनं दिलेली वस्तू कशी मोजायची?"

मला त्या क्षणी त्याची कीव यायला हवी होती. खरं सांगतो, आधी मला आनंद झाला. दोन महिने पोटात साचलेलं विष होतं ते. मग त्याचा चेहरा बघितला आणि तो आनंद माझ्याच अंगावर आला. तो बसला नाही, रडला नाही. आपली दुर्बीण वरून काढून घेतली, रुमालात गुंडाळली आणि विचारलं, "नऱ्या, गाडी आणलीयेस? मला चालवता येणार नाही आत्ता."

डंडॉकपर्यंत तासाभराचा रस्ता. वाटेत भुरभुर पाऊस, काचेवरचं वायपर आणि आम्ही. त्याच्या कपाळावर बाळासाहेबांनी लावलेलं कुंकू तसंच होतं.

फिन्टन शेडमध्येच होता. कुठल्याशा शाळेचा कप फडक्यात धरून त्यावर नाव कोरत होता. आम्हाला बघून उठला, नेहमीसारखा हसला, किटलीकडे हात नेला. देवदत्तनं विचारलं, "फिन्टन, नंबर तू कोरलास?"

मला वाटलं तो नाकारेल. माझी तयारी होती, मी सगळं बोलायचं ठरवून आलो होतो. पण म्हाताऱ्यानं किटली खाली ठेवली आणि कपाळावरचं कुंकू बघितलं, मग देवदत्तचे डोळे.

"कसं कळलं?"

"हळदीनं."

ते त्याला कळलं नाही आणि देवदत्तनं समजावलं नाही.

"बस रे पोरा," फिन्टन म्हणाला. "तुझी रायफल समुद्राच्या तळाशी आहे किंवा कधीच वितळली. ती येणार नव्हती. तू म्हातारा होईपर्यंत वाट बघत बसला असतास. मी तुला एक दिली. त्या दिवशी तू किती खूश होतास! इथं, या खुर्चीवर बसून रडलास. ते खोटं होतं का?"

"माझ्या तीन दुर्बिणी कुठं आहेत?"

फिन्टननं भिंतीकडे बघितलं. तिथं तीन रिकामे खिळे होते. "गेल्या. मिशिगनला एक माणूस आहे. मला छताचं काम करायचं होतं." मग जरा थांबून, आपण अगदी समजूतदारपणा दाखवतोय अशा सुरात म्हणाला, "तुला फसवायचं नव्हतं मला. नंबर तूच तर आणून दिलास. मी मागितला होता का?"

यावर मी तोंड उघडलं. काय बोललो ते सांगत नाही, मराठीत बोललो एवढं आठवतं. देवदत्तनं माझ्या दंडाला धरलं. दारातून वळून एकदा शेडकडे बघितलं. स्टोव्ह, टेबल, त्यानं सहा वर्षं पुसलेल्या भिंगांची रांग. आणि मग माझ्या मागोमाग गाडीत येऊन बसला.

परतीच्या वाटेवर मी पेट्रोल पंपावर थांबलो. दोन कप चहा आणला. त्यानं कप हातात धरून ठेवला, प्यायला नाही. मला त्याला बरं वाटेल असं काहीतरी म्हणायचं होतं, पण मला तसलं जमत नाही. म्हणालो, "एक बरं झालं बघ. मला खरा नंबर सांगितला असतास, तर आज तुझा संशय माझ्यावर आला असता. फिन्टनवर आला नसता."

गाडीच्या काचा धुरकटल्या होत्या.

"तेच वाटतंय मला," तो म्हणाला. "खरा सांगितला असता तर बरं झालं असतं. निदान आज म्हणता आलं असतं, नऱ्या बोलला कुठंतरी, फिन्टन तसा नाही."

मी त्याच्याकडे बघितलं. तो थट्टा करत नव्हता. मला दुखवायचं म्हणूनही बोलत नव्हता. अठरा वर्षं जुन्या मित्रासमोर बसून त्याला मनापासून वाटत होतं, की चोर मी निघालो असतो तर बरं झालं असतं. दोघांतला एक जायचाच होता, तर जाण्यासारखा मी होतो.

माझा फोन वाजला. बाळासाहेब असणार, पूजेच्या पुरणपोळीला आमच्यासाठी थांबले होते. मी फोन हातात घेतला तोवर तो वाजायचा बंद झाला होता. परत लावायला मी पिन दाबला. तीन, आठ, सहा, नऊ. देवदत्त बघत होता. त्याला तो आकडा ओळखू आला, हे मला त्याच्या तोंडावरून कळलं.

"हा...?" तो म्हणाला.

"चार वर्षं झाली," मी म्हणालो.

मग त्यानं मान खिडकीकडे वळवली आणि तो रडायला लागला. फिन्टनच्या शेडमध्ये रडला नव्हता, वडिलांसमोर रडला नव्हता. मी गाडी सुरू केली. त्याच्या हातातला चहा मांडीवर सांडू नये म्हणून कप काढून घेतला आणि आम्ही घरी निघालो. पुरणपोळीची वेळ टळून गेली होती.